दशांश अपूर्णांक पडद्यावर दाखवताना : टूफिक्स्ड, राऊंड की नंबरफॉरमॅट?



आपल्यातले बरेच जण आता एक्सेलवर थांबलेले नाहीत. निकालाची टक्केवारी, शालेय पोषण आहाराचा हिशोब, पाचवीच्या दशांश अपूर्णांकांचा सराव, अशा कामांसाठी छोटी छोटी वेबपानं स्वतःच तयार करतात. थोडं एचटीएमएल, थोडं जावास्क्रिप्ट, एवढ्यावर भागतं. आणि या कामात एक प्रश्न हमखास येतो. ६०० पैकी ४७० गुणांची टक्केवारी काढली की पडद्यावर ७८.३३३३३३३ अशी तीनांची माळच लागते. ही माळ कापायची कशी?

त्यावर सगळीकडे एकच उत्तर ऐकू येतं : "टूफिक्स्ड दोन लावा, झालं काम."

माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात एखाद्या मुलाची श्रेणी बदलू शकते. संख्येची किंमत ही एक गोष्ट आणि ती किंमत कागदावर किंवा पडद्यावर कशी लिहायची ही दुसरी. वर्गात आपण ०.५ आणि ०.५० एकच आहेत हे मुलांना पटवून देतो. पण स्वतः पान बनवायला बसलो की या दोन गोष्टी एकाच ओळीत उरकून टाकतो. तिथूनच सगळा घोळ सुरू होतो.

(पुढे आज्ञांची नावं आणि उदाहरणं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजीच लागतात. अंकांचा मुद्दा शेवटी येणारच आहे.)

शेपूट येतं कुठून?

जावास्क्रिप्टला ०.१ + ०.२ विचारा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं संगणक बिघडला. बिघडलेला नाही.

मुलांना एक तृतीयांश दशांशात लिहायला सांगितलं की ती ०.३३३ लिहीत जातात आणि विचारतात, "बाई, कुठे थांबायचं?" दहाच्या पायावर छेदात फक्त २ आणि ५ हे अवयव असले तरच भागाकार संपतो. ३ आला की संपत नाही. संगणक दोनच्या पायावर चालतो. त्याच्याकडे फक्त २ हा अवयव आहे. म्हणून अर्धा, पाव, एक अष्टमांश हे त्याला तंतोतंत जमतात, पण एक दशांशाच्या छेदात ५ लपलेला आहे, आणि तिथे त्याची गत आपल्या एक तृतीयांशासारखी होते. ६४ बिटांच्या जागेत बसेल तेवढं लिहून तो थांबतो. त्याच्या पोटातला ०.१ प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५ असा काहीतरी असतो, एक दशांशापेक्षा किंचित मोठा.

मला याची गंमत वाटते ती अशी. आपले पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे संगणकाला अगदी अचूक येतात. पावकी, निमकी पाठ असलेल्या आजोबांचं आणि संगणकाचं छान जमलं असतं. जुना आणासुद्धा चालला असता, कारण रुपयाचे १६ आणे, म्हणजे एक आणा ०.०६२५ रुपया, तंतोतंत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. माणसाला हिशोब सोपा झाला आणि संगणकाला अवघड. असो.

एवढं लक्षात असलं की पुढचं सगळं नीट कळतं.

टूफिक्स्ड : सोयीचं, पण मजकूर देणारं

(७८.३३३३).टूफिक्स्ड(२) लिहिलं की "७८.३३" मिळतं. ८० दिलं तर "८०.००" मिळतं. दशांश स्थळं नेहमी सारखी राहतात, तक्ता उजवीकडे सरकवून लावला की दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह येतं. उभ्या मांडणीच्या बेरजेत आपण ज्यासाठी मुलांच्या मागे लागतो तेच इथे आपोआप होतं. त्यामुळे टूफिक्स्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही.

पण ते जे देतं ती संख्या नसते. ती स्ट्रिंग असते, म्हणजे मजकूर. "८०.५०" आणि "७५.२५" यांच्यामध्ये अधिक चिन्ह टाकलं तर १५५.७५ येत नाही, "८०.५०७५.२५" येतं. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारा प्रकार क्रमवारीत होतो. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते. "१००.००" आणि "८१.००" यांत पहिलं अक्षर १ आणि ८. आठ मोठा. म्हणजे शंभर टक्के मिळवणारी मुलगी यादीत ८१ टक्केवाल्याच्याच नाही, तर इतर बहुतेकांच्याही खाली. चाळीस मुलांच्या यादीत हे पटकन लक्षातही येत नाही, कारण बाकीचे सगळे दोन आकडी असतात आणि बरोबर लागलेले असतात.

दुसरी अडचण अर्ध्याची. ५ आला की वर न्यायचं, हा आपला नियम. (१.००५).टूफिक्स्ड(२) चं उत्तर १.०१ यायला हवं. येतं "१.००". कारण संगणकाच्या पोटातला १.००५ हा खऱ्या १.००५ पेक्षा केसभर कमी आहे, आणि टूफिक्स्ड त्या पोटातल्या संख्येशी प्रामाणिक राहतं. ८.३४५ ला मात्र "८.३५" मिळतं, कारण तिथे चूक वरच्या बाजूची आहे. याहून चांगलं उदाहरण म्हणजे २.४५ आणि २.५५. एका दशांश स्थळापर्यंत टूफिक्स्ड केलं की दोन्हींचं उत्तर "२.५". संख्यारेषेवर दोघांत एक दशांशाचं अंतर, आणि दोघे एकाच घरात! शाळेचा नियम सांगतो २.५ आणि २.६.

एक्सेलमधून वेबवर येणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावं. एक्सेलचं राऊंड १.००५ ला १.०१ देतं. मागच्या वर्षीचा निकाल एक्सेलवर, यंदाचा वेबपानावर, आणि त्याच गुणांना शेवटचा आकडा वेगळा. दोन्ही कागद कोणी शेजारी ठेवले तर आपल्याला उत्तर देता यायला हवं.

आणखी एक किरकोळ पण विचित्र गोष्ट. –०.००१ ला दोन स्थळांपर्यंत टूफिक्स्ड केलं की "–०.००" येतं. मुलाची मागच्या चाचणीपेक्षा प्रगती किती, असा रकाना असेल तर तिथे हे उणे शून्य उगवतं. उणे शून्य प्रगती म्हणजे काय, हे पालकांना कोण समजावणार?

मॅथ राऊंड : संख्या मिळते, शून्य जातं

दुसरी पद्धत म्हणजे शंभरने गुणायचं, मॅथ.राऊंड करायचं, शंभरने भागायचं. याचा फायदा, उत्तर संख्याच राहते. बेरीज, क्रमवारी सगळं बरोबर चालतं. तोटा, शेवटचं शून्य राहत नाही. ८०.५० चं ८०.५ होतं आणि ८०.०० चं ८०. तक्त्यात एका ओळीत ७८.३३, खाली ८०, त्याखाली ८०.५, असा वेडावाकडा रकाना तयार होतो. सहलीच्या वर्गणीच्या पावतीवर "१२.५ रुपये" छापलेलं मला तरी बरं वाटत नाही. पैसे लिहिताना दोन स्थळं हवीतच.

अर्ध्याचा प्रश्नही सुटत नाही. १.००५ ला १०० ने गुणलं तर १००.५ येत नाही, १००.४९९९९९९९९९९९९९ येतं. मग राऊंड त्याला १०० करतं. यावर एक तोडगा सुचवला जातो, गुणण्याआधी नंबर.एप्सिलॉन नावाची अतिसूक्ष्म संख्या मिळवायची. १.००५ ला तो लागू पडतो. पण दहाच्या पुढच्या संख्येत एवढी छोटी संख्या मिळवली तरी काही बदलतच नाही. पाण्याच्या टाकीत थेंब. टक्केवारी तर बहुतेक दहाच्या वरच असते, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग नाही.

ऋण संख्यांचं सांगून ठेवते. मॅथ.राऊंड(२.५) म्हणजे ३, पण मॅथ.राऊंड(–२.५) म्हणजे –२. टूफिक्स्ड(०) मात्र –२.५ ला "–३" करतं. आणि पायथनवर वेबसाइट बनवणारे असतील तर त्यांचं राऊंड २.५ ला चक्क २ देतं, कारण ते अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं. चूक कोणाचीच नाही, नियमच वेगवेगळे आहेत.

गुणाकार-भागाकाराच्या क्रमाबद्दल मात्र आग्रहाने सांगावंसं वाटतं. १०० पैकी ५७ गुण. टक्केवारी काढायला आधी ५७ भागिले १०० केलं, मग १०० ने गुणलं, तर उत्तर ५७ नाही, ५६.९९९९९९९९९९९९९९ येतं. पुढे कोणी मॅथ.फ्लोअर लावून दशांश भाग कापला की पडद्यावर ५६. मुलाचा एक गुण कोणाच्याही हाताने न खोडता गेला. २९ गुणांचंही असंच, २८.९९९९९९९९९९९९९९६. आधी गुणलं, ५७ × १००, आणि मग १०० ने भागलं तर बरोबर ५७ येतात. ऐकिक नियमाच्या उदाहरणात आपण मुलांना सांगतोच की, आधी गुणून घ्या, भागाकार शेवटी. हेच इथे.

टूप्रिसिजन नावाची तिसरी पद्धत आहे, ती फार काही कामाची नाही. ती दशांश स्थळं मोजत नाही, एकूण अर्थपूर्ण अंक मोजते. तीन मागितले तर ८०.५ तसंच राहतं, ७.५ चं "७.५०" होतं. १२३४.५ ला दोन अंक मागितले तर "१.२ई+३" असं काहीतरी येतं. विज्ञानाच्या प्रयोगाला ठीक, निकालपत्रकाला नको.

श्रेणी कुठे ठरते?

आता मुख्य मुद्दा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय आपल्या सगळ्यांकडे आहे. त्यातला श्रेणींचा तक्ता आठवा. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, असा खाली इ-२ पर्यंत. तक्ता पूर्ण संख्यांचा आहे. ८० आणि ८१ च्या मधलं काही त्यात नाही. हातानं निकाल लावायचो तेव्हा हे जाणवायचं नाही. अर्धा किंवा जास्त असेल तर वरचा धरायचा हे न बोलता ठरलेलं होतं. संगणकाला न बोलता काही कळत नाही.

समजा एका मुलीला ६०० पैकी ४८३ गुण आहेत. टक्केवारी ८०.५, आणि ही संख्या संगणकालाही अचूक येते, त्यामुळे शेपटाची तक्रार नाही. आता चार शिक्षकांची चार पानं बघा.

पहिल्याने तक्ता जसाच्या तसा लिहिला, ८१ पेक्षा जास्त किंवा समान असेल तर अ-२, ७१ ते ८० च्या आत असेल तर ब-१. ८०.५ कुठेच बसत नाही. श्रेणीचा रकाना रिकामा. दुसऱ्याने फक्त खालची मर्यादा तपासली. ८१ नाही ना, मग ब-१. तिसऱ्याने आधी टूफिक्स्ड(०) केलं, "८१" आलं, मग श्रेणी काढली, अ-२. चौथ्याने श्रेणी मूळ टक्केवारीवर काढली आणि टूफिक्स्ड(०) फक्त दाखवायला वापरलं. त्याच्या निकालपत्रकावर ८१ टक्के आणि शेजारी ब-१ छापून आलं. पालक तक्ता वाचतात हो. ८१ ला अ-२ असतं हे त्यांनाही माहीत असतं.

गुण तेच, मुलगी तीच. श्रेणी ठरवली ती आकडा नीटनेटका दिसावा म्हणून लिहिलेल्या एका ओळीने. माझा आक्षेप आहे तो इथे. चौघांपैकी कोणाचं बरोबर, हा शाळेने ठरवायचा नियम आहे. तो नियम शिक्षकांच्या बैठकीत ठरावा आणि पानात उघडपणे, वेगळ्या ओळीत लिहिलेला असावा. टूफिक्स्डच्या पोटात दडलेला नसावा.

अर्ध्याला वर न्यायचं ठरलं असेल, तर मी दशांशाला हातच लावत नाही. मिळालेले गुण × १००० हे एकूण गुण × ८०५ पेक्षा जास्त किंवा समान आहेत का, एवढंच विचारते. ४८३ × १००० म्हणजे ४,८३,०००. ६०० × ८०५ म्हणजेही ४,८३,०००. समान आहेत, अ-२. पूर्ण संख्यांचा गुणाकार, त्यात शेपूट नाही, वाद नाही. जिथे गुण अर्ध्यातही दिले असतील तिथे दोन्ही बाजू दुप्पट करून घ्यायच्या.

हेच सरासरीला. तीन विषयांचे ८०.४, ८०.४ आणि ८०.७ टक्के आहेत. आधी प्रत्येक राऊंड केला तर ८०, ८० आणि ८१, सरासरी ८०.३३, म्हणजे ८०. न कापता सरासरी काढली तर २४१.५ भागिले ३, म्हणजे ८०.५, म्हणजे ८१. मधल्या पायरीवर कापाकापी केली की शेवटी श्रेणी सरकते. एक्सेलमध्ये दशांश स्थळं कमी करायचं बटण दाबलं तर पेशीत ८१ दिसतं पण आत ८०.५ च असतं, हे आपल्याला माहीत आहे. वेबपानातही तसंच ठेवायचं. आत मूळ संख्या, बाहेर नीट लिहिलेला आकडा.

पोषण आहाराच्या नोंदीतही हाच न्याय. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ. तो किलोत ०.१ धरून दहा मुलांसाठी दहा वेळा मिळवला तर बेरीज १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. साठा तपासताना "एक किलो झाला का?" या प्रश्नाला पान "नाही" म्हणतं. म्हणून आत ग्रॅम ठेवा, पूर्ण संख्या. किलो फक्त दाखवताना करा. पैशांचं तसंच, आत पैसे, बाहेर रुपये.

मग दाखवायला काय वापरावं?

माझं मत स्पष्ट आहे, नंबरफॉरमॅट. पूर्ण नाव इंटल.नंबरफॉरमॅट. टूलोकेलस्ट्रिंग ही त्याचीच छोटी वाट. याला भाषा सांगायची, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती दशांश स्थळं हवीत ते सांगायचं, आणि ते तुम्हाला लिहिलेला आकडा देतं. उत्तर इथेही मजकूरच आहे. पण टूफिक्स्ड दिसायला संख्येसारखं दिसतं म्हणून आपण त्याच्याशी पुढे गणित करायला जातो. नंबरफॉरमॅटच्या उत्तराशी गणित करायचा मोह होत नाही, हा मला मोठा गुण वाटतो.

दुसरं कारण आपल्या घरचं. भाषेच्या जागी मराठीचा कोड, एम-आर, आडवी रेघ, आय-एन, असा लिहिला की १२३४५६७.५ ही संख्या पडद्यावर १२,३४,५६७.५ अशी येते. लाख-हजाराच्या जागी स्वल्पविराम, आणि अंक मराठी. त्यासाठी वेगळा फाँट लागत नाही की अंक बदलणारं फंक्शन लिहावं लागत नाही. स्वल्पविराम भारतीय आणि अंक इंग्रजी हवे असतील तर इंग्रजी-भारत, ई-एन आय-एन, हा कोड द्यायचा. हिंदीचा कोड दिला तर अंक आपोआप देवनागरी होत नाहीत, ते वेगळे मागावे लागतात. मराठीला मात्र न मागता मिळतात. प्राथमिकच्या मुलांसाठी मराठी अंक, कार्यालयात पाठवायच्या तक्त्यासाठी इंग्रजी अंक, आणि आतली संख्या दोन्हीकडे तीच. टूफिक्स्डने हे होत नाही.

भाषा सांगायला विसरू नका. काहीच सांगितलं नाही तर ज्याच्या फोनवर पान उघडलं त्याच्या फोनची भाषा धरली जाते. फोन जर्मन भाषेत असेल तर तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब वापरतात. मग आपलं ८०.५ तिकडच्या मामाला ८०,५ असं दिसतं. तो म्हणेल भाचीला आठशे पाच टक्के पडले!

स्थळं सांगितली नाहीत तर जास्तीत जास्त तीन मिळतात, आणि शेवटची शून्यं गाळली जातात. टक्केवारीची वेगळी शैलीही आहे, पण ती स्वतः शंभरने गुणते. तिला ८०.५ दिलं की ८,०५०% छापून मोकळी. तिथे ०.८०५ द्यावं लागतं, आणि दशांश स्थळंही सांगावी लागतात, नाहीतर एकही दाखवत नाही. मी ती वापरत नाही, साधा आकडा छापून पुढे टक्क्याचं चिन्ह लिहिते. तक्ता मोठा असेल तर नंबरफॉरमॅट एकदाच तयार करून सगळ्या ओळींना तोच वापरावा, प्रत्येक ओळीला नवा करत बसलं तर पान जड होतं.

स्थळं किती दाखवावीत यावरही बोललं पाहिजे. दोनच का, तर सगळे दोन दाखवतात म्हणून. ६०० गुणांच्या परीक्षेत एक गुण म्हणजे ०.१६ टक्क्यापेक्षा थोडं जास्त. दुसरं दशांश स्थळ तिथे नवीन काहीच सांगत नाही, नुसता अचूकतेचा भास. चौथीच्या मुलाला ७८.३३ आणि दुसऱ्याला ७८.१७, यात फरक एका गुणाचा. पालक मात्र त्यावरून दोन मुलांची तुलना करतात. प्राथमिकला टक्केवारीचं एक स्थळ पुरे, खरं तर श्रेणीच पुरे. पैशाला दोन, धान्याच्या किलोला तीन, कारण तिसरं स्थळ ग्रॅमचं.

सरावाचं पान असेल तर

इथे सगळं उलटं करावं लागतं, कारण पाचवीच्या दशांश अपूर्णांकाच्या पाठात आकड्याचं लिहिणं हाच विषय असतो. ०.४५ मोठा की ०.५, असं विचारलं की बरीच मुलं ०.४५ म्हणतात, ४५ मोठे दिसतात म्हणून. तिथे ०.५० असं लिहून दाखवणं ही शिकवण्याची पायरी आहे. मुलाने ०.५० टाइप केलं आणि पानाने ते संख्या करून परत ०.५ दाखवलं, तर त्याच्या मनात काय येईल? आपण काहीतरी चुकीचं लिहिलं होतं आणि संगणकाने सुधारलं. म्हणून मुलाने लिहिलेलं त्याच्यासमोर जसंच्या तसं ठेवावं, तपासायला आत वेगळी संख्या करावी.

तपासतानाही सांभाळायला हवं. पानावर प्रश्न आला ०.१ + ०.२. मुलाने लिहिलं ०.३. पानाने दोन्ही मिळवून तुलना केली, ०.३०००००००००००००००४ आणि ०.३ समान नाहीत, लाल फुली आणि "पुन्हा प्रयत्न करा". मूल पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा ०.३, पुन्हा फुली. दशांश अपूर्णांक नुकते शिकणारं मूल संगणकावर शंका घेत नाही हो, स्वतःवर घेतं. उपाय पाठातच आहे. १ दशांश आणि २ दशांश मिळून ३ दशांश. पानानेही दशांश मोजावेत, १ + २ = ३, आणि मुलाच्या उत्तराचे दशांश करून राऊंड करून ३ शी ताडावेत. शतांशाची उदाहरणं असतील तर शतांश.

आणि राहिलेला अंकांचा मुद्दा. मराठी कीबोर्डवरून मुलाने मराठी अंकांत ०.३ लिहिलं, पुस्तकात असतं तसं. जावास्क्रिप्टला मराठी अंक वाचता येत नाहीत. नंबर किंवा पार्सफ्लोट दोन्ही "एनएएन", म्हणजे "ही संख्या नाही", असं म्हणतात. लिहायला मराठी येतं, वाचायला येत नाही, अशी त्याची गंमत आहे. पुन्हा फुली. स्वल्पविरामाचंही असंच, इंग्रजी अंकांत १,२३४.५ दिलं तर पार्सफ्लोट स्वल्पविरामाशी थांबतं आणि नुसता १ देतं, तक्रारही करत नाही. म्हणून उत्तर तपासण्याआधी स्वल्पविराम काढा आणि मराठी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये मराठी ० चा क्रमांक २४०६ आहे आणि ९ चा २४१५, ओळीने. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. चार ओळींचं काम आहे.

स्वतःचं पान तपासून बघायचं असेल तर हे आकडे टाकून बघा : १०० पैकी ५७ गुण, ६०० पैकी ४८३ गुण, यादीत एक शंभर टक्केवाला, टूफिक्स्ड वापरत असाल तर २.४५ आणि २.५५, आणि सराव पानावर मराठी कीबोर्डवरून ०.१ + ०.२ चं उत्तर. यातला कुठला आकडा तुमच्या पानावर अडला ते खाली जरूर लिहा, पुढच्या लेखात त्याची दुरुस्ती ओळीओळीने मांडेन.